फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को: मिरगापासून शिमग्यापर्यंत

गेल्या वर्षी मिरगाच्या आदल्या आठवड्यात मुंबईहून येणाऱ्या भावाला सांगून ही रेकॉर्ड आणवली. आता शिमगा तोंडावर आलाय. नऊ महिने झाले, आणि आठवड्यातून दोनतीनदा तरी ती लागतेच. आमचं घर कुडाळजवळ. गावच्या भजनी मंडळात मी पखवाज वाजवतो. गिटार कधी हातात धरलेली नाही, त्यामुळे हे सगळं पखवाज्याच्या कानाने लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 5 डिसेंबर 1980, शुक्रवारची रात्र, सॅन फ्रान्सिस्कोचं वॉरफिल्ड थिएटर. मंचावर तिघे गिटारवाले: स्पेनच्या फ्लमेंको या पारंपरिक गाण्या-नाचाच्या संगीतातला वादक पाको दे लुसिया, इंग्लंडचा जॉन मॅक्लॉफ्लिन आणि न्यू जर्सीचा अल डी मेओला. ड्रम नाही, बेस नाही, गाणारं कुणी नाही. अल्बम 1981 मध्ये आला. मी इथवर पोचलो तो मॅक्लॉफ्लिनमुळे. तबलावादक झाकीरभाई हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ हा बँड उभा करणारा हाच, आणि ‘शक्ती’ ऐकतच मी मोठा झालो.

या रेकॉर्डबद्दल जो तो वेगाचंच सांगतो. पहिला महिना मीही वेगच ऐकला. पाको आणि अलने ‘मेडिटेरेनियन सनडान्स’ आणि ‘रिओ आंचो’ जोडून वाजवलेला पहिला तुकडा साडेअकरा मिनिटांच्या आसपास आहे, आणि त्यात अल डी मेओला तळहात तारांवर दाबून जे दाणेदार, बंद सूर सोडतो ते पहिल्यांदा ऐकताना मी बसल्या जागेवरून उठलो होतो. पण खरं सांगतो, जुलैपर्यंत मला त्याचा थकवा आला. रोज तेच धावणं, रोज प्रेक्षकांचं तेच ओरडणं. रेकॉर्ड भावाकडे परत द्यावी असंही मनात आलं.

मग ऑगस्टमध्ये हेडफोन बिघडला. आमच्या कौलांवर पाऊस लागला की घरात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे स्पीकरवर गिटार कुठली ऐकणार? म्हणून पावसाळाभर हेडफोनच. खाऱ्या दमट हवेने त्याची वायर खाल्ली आणि उजवा कान बंद पडला. कुडाळात दुरुस्तीला नेईपर्यंत आठदहा दिवस गेले. तेवढे दिवस मी हा अल्बम डाव्या कानानेच ऐकला.

या रेकॉर्डिंगमध्ये पाको डाव्या बाजूला आहे आणि अल उजवीकडे. अलची झेप सुरू झाली की ती मला लांबून, पुसट ऐकू यायची. कानाशी होता तो पाको, आणि त्या वेळी पाको साथ करत होता. बोटं पंख्यासारखी तारांवरून उलगडून तो ठेका धरतो, मध्येच एखादी मात्रा मोकळी सोडतो, अल कुठे उतरणार हे आधीच ओळखून त्याच्यासाठी जागा करून ठेवतो. त्या मोकळ्या मात्रेत माझा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. नऊ महिन्यांत मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आमच्याकडे कुणालाही हे ऐकवलं की पहिला शब्द येतो ‘डबलबारी’, म्हणजे दोन भजनी बुवांचा आमनेसामने सामना. मीही तेच म्हणायचो. पण आता वाटतं, डबलबारीत प्रत्येक बुवा आपला पखवाजी, आपला कोरस घेऊन येतो आणि एकाची बारी चालू असताना समोरचा गप्प ऐकत बसतो. इथे ज्याला पुढच्या क्षणी उत्तर द्यायचंय, तोच आत्ता समोरच्याची लय सांभाळतोय. समोरचा पडला तर दोघेही पडणार. पाकोला हे जमतं त्यामागे कारणही आहे. फ्लमेंकोत गिटार मुळात गाणाऱ्याच्या आणि नाचणाऱ्याच्या साथीचं वाद्य. कामारोन दे ला इस्ला या गायकाला त्याने कितीतरी वर्षं साथ दिली, 1969 पासून दोघांचे एकत्र अल्बम निघाले. एकल वादक म्हणून जग त्याला डोक्यावर घेतं, पण त्याचा हात तयार झाला तो दुसऱ्याच्या गळ्यामागे.

चतुर्थीत मंडळाच्या जुन्या पखवाजी काकांना मी पहिली बाजू ऐकवली. डोळे मिटून ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “मागचो धरून बसलो हा, म्हणान पुढचो धावता.” मला जे कळायला हेडफोन बिघडावा लागला, ते त्यांना एका बैठकीत कळलं.

तिघांचा अल्बम म्हणतात, पण पाचपैकी पहिले तीन तुकडे दोघादोघांचेच आहेत. ‘शॉर्ट टेल्स ऑफ द ब्लॅक फॉरेस्ट’ ही अमेरिकी पियानोवादक चिक कोरियाची रचना मॅक्लॉफ्लिन आणि अल वाजवतात. मध्येच ‘पिंक पँथर’ सिनेमाची धून येते आणि सगळं थिएटर खूश होतं. मला हा तुकडा बाकीच्यांपेक्षा थोडा कमी आवडतो, गंमत चारपाचदा ऐकल्यावर ओसरते. ‘फ्रेवो रास्गादो’ मात्र दर महिन्याला वाढतच गेला. रचना ब्राझीलच्या एग्बेर्तो जिस्मोंतीची. फ्रेवो हा तिकडच्या रेसिफे शहरातला कार्निव्हलचा नाच, आणि तो कार्निव्हलही आपल्या शिमग्याच्या आसपासच येतो. पालखीच्या ढोलांची तालीम ऐकून घरी यावं आणि हा तुकडा लावावा. पाय थांबत नाहीत.

‘फँटसिया स्वीट’पाशी तिघे एकत्र येतात. पाको डावीकडे, मॅक्लॉफ्लिन मधे, अल उजवीकडे. आवाज ओळखायचे तर अलची गिटार लोखंडी तारांची, टणक. बाकी दोघांच्या नायलॉनच्या, मऊ. त्यातही पाको बोटांनी वाजवतो आणि मॅक्लॉफ्लिन पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने, त्यामुळे मऊपणातही फरक कळतो. निदान महिनाभर ऐका, कान आपोआप वेगळं करायला लागतो.

घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. किनाऱ्यालगत राहत असाल तर एलपी घेण्याआधी विचार करा. जुलैत माझ्या कव्हरवर पांढरी बुरशी धरली. सिलिका जेलच्या पुड्या, उभी ठेवण, आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसणं, एवढं केलं तेव्हा आतली तबकडी वाचली. वीज खालीवर झाली की टर्नटेबलची गती डळमळते, आणि अशा संगीतात ती लगेच बोचते. हे सगळं करायची तयारी नसेल तर सीडी घ्या किंवा मोबाइलवर ऐका. फक्त हेडफोनवर ऐका. हे आवडलं तर दुसऱ्या दिवशीच्या, 6 डिसेंबरच्या मैफलीचा अल्बमही आता मिळतो. तो तब्बल 2022 मध्ये आला, आणि त्यात तिघांचं एकट्याचं वादनही आहे.

माझी एकच तक्रार आहे, ती शेवटच्या तुकड्याबद्दल. ‘गार्डियन एंजल’ ही मॅक्लॉफ्लिनची रचना सुंदर आहे, पण ती स्टुडिओत केलेली. एवढा वेळ ज्या माणसांच्या श्वासात आपण बसलेलो असतो, ती माणसं अचानक नाहीशी होतात. मला ते सहन होत नाही. ‘फँटसिया’ संपते, टाळ्या आणि शिट्ट्या सुरू होतात, तेवढ्या पूर्ण ऐकतो आणि तिथेच सुई उचलतो.