नाटकाच्या नावाखाली आलेली आयएसओ फाइल

लालबागला राहणारे माझे काका पक्के नाटकवेडे. दामोदर हॉल, शिवाजी मंदिर, कामगार नाट्यस्पर्धा यातच त्यांचं तरुणपण गेलं. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ते घरी कॉम्प्युटरवर जुनी रेकॉर्डिंग शोधत बसतात. एका मेसेजिंग ॲपवरच्या चॅनलवर त्यांना जाहिरात दिसली: दुर्मिळ मराठी नाटकं, ४९९ रुपये. यूपीआयने पैसे भरले आणि लगेच लिंक आली. संध्याकाळी त्यांचा मला फोन, "अरे, नाटक लागत नाहीये, जरा येऊन बघ ना."

मी जाऊन पाहिलं ते सगळं सविस्तर लिहितो, कारण हीच जाहिरात आज दुसऱ्या कुणाच्या तरी काकांना दिसत असणार.

लिंकवरून एक रार फाइल, म्हणजे फाइली दाबून बांधलेलं गाठोडं, उतरली होती. तिला पासवर्ड होता आणि तो शेजारच्याच टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला होता. त्याखाली शुद्ध मराठीत सूचना: 'अँटिव्हायरस बंद ठेवा, नाहीतर व्हिडिओ खराब होईल.' पासवर्ड उघड्यावरच ठेवायचा, तर मग कुलूप कुणासाठी? ते अँटिव्हायरससाठी असतं. पासवर्ड लावलेल्या रारच्या आत काय आहे ते त्याला तपासता येत नाही.

रार सोडवल्यावर आत आयएसओ निघाली, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल. विंडोज ८ पासून अशा फाइलवर दोनदा क्लिक केलं की खरीखुरी सीडी घातल्यासारखा नवा ड्राइव्ह दिसतो. त्या ड्राइव्हमध्ये एकच फाइल होती. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचा तो नारिंगी शंकू, नाटकाचं नाव आणि शेवटी एमपी४, म्हणजे व्हिडिओ फाइलची खूण. काकांनी क्लिक केलं, 'कोडेक (व्हिडिओ उलगडणारा भाग) सापडला नाही' अशी चौकट आली आणि गेली. बस्स, एवढंच झालं.

यात काकांना दोष देणाऱ्यांना मी ठामपणे सांगतो की त्यांचं काही चुकलेलं नाही. जुन्या नाटकांच्या डीव्हीडी निघायच्या, त्यांच्या खऱ्या नकला बऱ्याचदा आयएसओ रूपात ठेवतात. नाटक आयएसओमध्ये येणं त्यांना खटकावं तरी का? ठकांनी नेमका हाच विश्वास हेरला.

मी फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' मध्ये जाऊन फाइलची एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावामागची अक्षरं, दाखवायला लावली. विंडोज ती मुळात लपवून ठेवतं. नावाच्या शेवटी एमपी४ च्या पुढे आणखी तीन अक्षरं उमटली: ईएक्सई. तो व्हिडिओ नव्हताच, प्रोग्राम होता. शंकूचं चित्र नुसतं चिकटवलेलं.

त्याहून मोठी खूण आकारात होती. रार होती जेमतेम ९ एमबीची आणि सोडवल्यावर आयएसओ झाली ७०० एमबीच्या वर. व्हिडिओच्या बाबतीत हे होऊच शकत नाही. एमपी४ आधीच दाबून लहान केलेला असतो, रार किंवा झिप करून तो फारसा घटत नाही. म्हणजे ७०० एमबीच्या नाटकाची रारही साधारण तेवढीच भरायला हवी. इथे आत नुसती शून्यं भरून फाइल फुगवली होती. एक तर ती आकाराने नाटकासारखी दिसते, शिवाय फार मोठ्या फाइली तपासायच्या कित्येक साधनं टाळतात.

त्या प्रोग्रामने ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, उचलल्या. कुकी हातात आली की चोराला लॉगिन झालेलं खातं तसंच मिळतं, ओटीपी विचारलाच जात नाही. सकाळपर्यंत काकांच्या फेसबुकवरून 'दवाखान्यात आहे, तातडीने पैसे हवेत' असे निरोप गेले होते. चाळीतल्या एका वहिनींनी काकांच्या काळजीपोटी ८,००० रुपये पाठवले. काकांना स्वतःच्या ४९९ रुपयांचं काही वाटलं नाही, पण त्या वहिनींसमोर मान वर करून बोलणं त्यांना जड जातंय, आणि याचा मला खरंच संताप येतो.

आम्ही आधी इंटरनेटची वायर काढली. मग माझ्या फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदलला आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरला. तो वापरला नाही, तर चोरलेली कुकी पुढेही चालत राहू शकते. त्याच कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलले असते, तर नवे पासवर्डही चोराच्या हाती लागले असते. वहिनींनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. शेवटी विंडोज पुसून नव्याने टाकलं.

कुणाकडून खरी आयएसओ आलीच, तर तिच्यावर दोनदा क्लिक करू नका. आधी व्हीएलसी उघडा आणि त्यातून ती फाइल निवडा. डीव्हीडीची नक्कल असेल तर नाटक थेट सुरू होतं. आत काय आहे ते सेव्हन-झिप या फाइली सोडवणाऱ्या प्रोग्राममध्ये न सोडवताही दिसतं: डीव्हीडी असेल तर व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर आणि त्यात व्हीओबी, म्हणजे डीव्हीडीच्या व्हिडिओ फाइली. ईएक्सई, एससीआर किंवा एलएनके (प्रोग्राम चालवणाऱ्या फाइली) दिसली तर तिथेच पुसून टाका. रार तुकड्यांत आली असेल तर सगळे तुकडे एका फोल्डरात ठेवून फक्त पहिला उघडायचा. आणि रार सोडवायला विनरार हा प्रोग्राम वापरत असाल तर आवृत्ती पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.२३ च्या आधीच्या आवृत्त्यांत अशी फट होती की आतल्या साध्या चित्रावर क्लिक केलं तरी लपवलेला प्रोग्राम चालायचा. विनरार आपणहून अपडेट होत नाही, नवी आवृत्ती स्वतः उतरवून घ्यावी लागते.

व्हीएलसी फुकट आहे आणि नेहमीचे कोडेक त्यात आधीपासूनच असतात. त्यामुळे व्हिडिओ पाहण्यासाठी कुणी वेगळा प्लेअर घ्या, कोडेक घ्या किंवा अँटिव्हायरस बंद करा असं सांगितलं, तर पुढे जाऊच नका.

तक्रारीचा क्रमांक मिळाला आहे. ते चॅनल नाव बदलून अजून चालू आहे, त्याचे स्क्रीनशॉट आम्ही पोलिसांकडे दिले. वहिनींचे पैसे अजून परत आलेले नाहीत.