सोलापुरातलं लग्नाचं पॅकेज: ताट स्वस्त, पण ताटं मोजून घ्या

विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड आणि पुणे हायवेला बाळ्याच्या बाजूची बहुतेक मंगल कार्यालयं आता ‘पॅकेज’ देतात. हॉल, स्टेज, वधू-वर पक्षाच्या खोल्या, नाश्ता, दुपारचं जेवण, वाढपी, साफसफाई सगळं एका आकड्यात. पुण्याहून चौकशी करणाऱ्याला तो आकडा ऐकून हायसं वाटतं. विजापूर-कलबुर्गीकडच्या सोयऱ्याला तोच जास्त वाटतो. दोघंही ताटाचा दर बघतात आणि तिथेच फसतात. लग्नाचा हिशेब तीन गोष्टींवर फिरतो: जेवायला किती माणसं, अक्षता किती वाजता, आणि कुठला खर्च कुठल्या बाजूचा. शे-दीडशे किलोमीटर पुढे गेलं की या तिन्ही गोष्टी बदलतात.

आधी माणसं. पुण्यात पत्रिका घराला जाते, आपल्याकडे गावाला जाते. भावकी, पाव्हणे, सोसायटीचे सभासद, डेअरीवाले, कारखान्याची माणसं, शेतशेजारी, वर दोन्हीकडचं गाव. सोलापूर, बार्शी, धाराशिव, लातूर या पट्ट्यात हजार ताटांच्या लग्नाला कोणी मोठं लग्न म्हणत नाही. आता गणित मांडा. समजा इथे ताट 250 रुपयांचं आणि पुण्यात 500 चं. इथे 1,000 ताटं म्हणजे अडीच लाख, पुण्यात 400 ताटं म्हणजे दोन लाख. दर निम्मा असूनही सोलापूर महाग पडलं. कोकणात घरापुढे मांडव घालून लग्न लागतं, तिथे ताटांपेक्षा मुंबईकरांच्या गाड्या आणि राहण्याची सोय जास्त खाते. म्हणून पॅकेज ठरवताना पहिला प्रश्न ‘ताट केवढ्याला’ हा नको. ‘कमीत कमी किती ताटांची हमी द्यायची आणि त्यावरच्या ताटाला काय दर’ हे आधी विचारा. हमी 800 ची दिली आणि 650 च माणसं आली, तरी पैसे 800 चेच जातात. हमी अंदाजाच्या 80-85 टक्के ठेवावी आणि वरच्या ताटांचा दर तोच राहील असं लिहून घ्यावं. न लिहिलेला वाढीव दर हिशेबाच्या वेळी हमखास चढतो.

जेवणाच्या बाबतीत सोलापूरचं पॅकेज खरंच चांगलं आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. मसालेभात, वरण-भात, पुरी, बटाट्याची भाजी, एक रस्सा, भजी, बुंदी किंवा जिलेबी, मठ्ठा, शेंगाचटणी एवढंच जेवण आहे, पण इथल्या आचाऱ्यांचा हात त्यावर बसलेला आहे. पुण्यातल्या बारा काउंटरच्या जेवणापेक्षा हे पोटभर आणि बिनधोक. लिंगायत घरांत हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, ठेवतात. गहू, गूळ, तूप यांचा खर्च फार नसतो, मात्र गहू आदल्या दिवशी कांडून भिजवायला आणि रात्रभर घोटायला माणूस लागतो. पॅकेजमध्ये हुग्गी मागितली की दर वाढतो तो या मजुरीमुळे, ती वाढ रास्त आहे.

प्रमाण माहीत असलं की घासाघीस नीट करता येते. शंभर ताटांना पुरीची कणीक 10 किलो, दोन्ही भातांचा मिळून तांदूळ 9 ते 10 किलो, तूरडाळ 4 किलो, बटाटा 12 किलो, बुंदी 9 ते 10 किलो, मठ्ठा 15 लिटर आणि मे महिन्यात 20. केटरर यापेक्षा बरंच कमी सांगत असेल तर शेवटच्या दोनशे माणसांना वरण पातळ मिळणार. फार जास्त सांगत असेल तर उरलेलं अन्न कोणाचं, हे आधी ठरवा. बुंदी आदल्या रात्री पाडली तर मुरते, चांगलीच लागते. जिलेबी मात्र कढईतून थेट ताटात यायला हवी. पुरी तळून तासभर झाकून ठेवली की वातड होते, म्हणून दोन कढया शेवटपर्यंत चालू ठेवायच्या अशी अट घाला. मठ्ठा सकाळी घुसळून उघड्यावर ठेवला तर दीड वाजेपर्यंत आंबतो. बर्फ पातेल्याबाहेर, टबात हवा, मठ्ठ्यात नको.

सोलापुरात अजून एक सोय टिकून आहे, जी पुण्यातल्या बऱ्याच हॉलांत मिळत नाही: बाहेरचा आचारी. तिकडे कार्यालयाचाच केटरर घ्यावा लागतो. इथे बरीच कार्यालयं स्वयंपाकघराचं वेगळं भाडं घेऊन तुमचा आचारी येऊ देतात. आचारी मजुरीवर, किराणा तुमचा. यादी आचाऱ्याकडून आठ दिवस आधी घ्यायची, माल मधला मारुतीच्या बाजारपेठेतून किंवा मार्केट यार्डातून उचलायचा, भाजी आदल्या पहाटेची. पाचशे-सहाशे ताटांच्या पुढे हा मार्ग पॅकेजपेक्षा स्वस्त पडतो, त्याखाली फायदा फारसा उरत नाही. पण घरातला एक खमका माणूस दोन दिवस भांडारावर बसवावा लागतो. तेलाचे डबे, तूप आणि काजू त्याच्याच कुलुपात. असा माणूस नसेल तर मुकाट्याने पॅकेज घ्या.

पॅकेजची सगळ्यात कमजोर बाजू म्हणजे ताटांची मोजणी. बुफेत मोजतात वापरलेल्या प्लेटा. पाहुणा दुसऱ्यांदा घ्यायला आला की नवी प्लेट उचलतो. लहान पोरं जिलेबीसाठी आणखी एक घेतात. बँडवाले, ड्रायव्हर, फोटोवाले, वाढपी यांचीही जेवणं त्यातच. हजारामागे शंभर प्लेटा अशाच वाढतात, आणि त्यात कोणी लबाडी केलेलीच असते असं नाही. उपाय साधा आहे. जेवण सुरू होण्याआधी प्लेटांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे लावून घ्या. किती गठ्ठे बाहेर आले ते वहीत लिहा, केटररच्या मुकादमाची आणि तुमच्या माणसाची सही घ्या. नवा गठ्ठा सुटला की एक रेघ. शेवटी उरलेल्या कोऱ्या प्लेटा मोजून वजा करा. कामगार आणि बँडवाल्यांची जेवणं वेगळ्या रंगाच्या कुपनावर, कमी दराने. दहा वर्षांखालच्या मुलांचं अर्धं ताट धरायचं का, हेही करारात हवं.

वाढण्याच्या वेगाचाही हिशेब आहे. बुफेची एक रांग मिनिटाला चार-पाच माणसं पुढे सरकवते, म्हणजे तासाला अडीचशे-तीनशे. अक्षता पडल्या की निम्मा मांडव एकदम उठतो, त्यामुळे हजार माणसांना चार रांगा हव्यात. पॅकेजमध्ये बऱ्याचदा दोनच असतात. पंगत बसवायची तर दोनशेच्या एका पंगतीला पस्तीस-चाळीस मिनिटं धरा. पाच पंगती म्हणजे तीन तासांच्या आसपास.

आता वेळ. दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं, तरी मुहूर्त पाळण्याच्या बाबतीत आपल्याकडे आनंदच आहे. साडेबाराच्या मुहूर्ताच्या अक्षता दीडला पडतात, आणि त्या तासाभराचा खर्च कोणी मांडत नाही. जनरेटर चालू, पुरीची कढई तापलेली, वाढपी उभे, वऱ्हाडाची गाडी थांबलेली. साधारण 62 केव्हीएचा जनरेटर चांगल्या लोडवर तासाला दहा-बारा लिटर डिझेल पितो. पॅकेजमध्ये जनरेटर ‘आहे’ म्हणतात, डिझेल मात्र वेगळं. दुपारच्या लग्नाचा फायदा असा की हॉल बारा तासांत मोकळा होतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांची सोयरीक तेलंगणात झाली आणि लग्न तिकडच्या रीतीने ठरलं, तर मुहूर्त रात्री उशिरा किंवा पहाटे निघू शकतो. मग हॉल दोन तारखांचा घ्यावा लागतो, आणि जेवणंही दोन. तमिळनाडूत आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत मंडप घेण्याची रीतच आहे, तिथे दिवसाच्या भाड्याची आपल्याशी तुलना करून उपयोग नाही.

तारखेवरही दर हलतो. तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले मुहूर्त आणि एप्रिल-मे सगळ्यात महाग. चातुर्मासात काढीव मुहूर्त धरला तर कार्यालयवाले बोलायला तयार असतात. संक्रांतीच्या आसपास ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता आणि गड्डा यात्रा असते, तेव्हा लॉज भरलेले आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरचे रस्ते बंद. त्या दिवसांत गावातल्या हॉलपेक्षा शहराबाहेरचा बरा.

पाणी आणि ऊन हा सोलापूरचा खास खर्च. शहराला उजनीचं पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे कार्यालयं बोअर आणि टँकरवर चालतात. पारा 42 ला टेकतो तेव्हा एक माणूस चार तासांत दीड लिटर तरी पितो. हजार माणसांना 20 लिटरचे 75 जार, आणि पॅकेजमध्ये 30 लिहिलेले असतात. हात धुणं, भांडी, संडास धरून दहा हजार लिटरचा एक टँकर संपतोच. दुसऱ्याचे पैसे कोणाचे, ते विचारा. एसी हॉलचा दर ऐकून दचकू नका, पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये कूलर लावून भागवण्यापेक्षा मार्चमधली तारीख धरलेली चांगली. पत्र्याखाली म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.

बिलावर जीएसटीची ओळ नीट वाचा. नुसत्या केटरिंगला 5 टक्के, हॉलच्या भाड्याला 18. लाखाच्या भाड्यावर अठरा हजार होतात. ‘टॅक्स एक्स्ट्रा’ हे दोन शब्द कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात असतात.

कुठला खर्च कोणाचा, यात तर प्रांताप्रांतात जमीन-अस्मानाचा फरक. बंगालात लग्न मुलीकडे आणि बौभाताचं, म्हणजे नवी सून घरी आल्यावरचं, जेवण मुलाकडे, म्हणजे जेवणावळी वाटल्या जातात. केरळात जेवण एका दुपारचं, केळीच्या पानावर, पण सोनं भरपूर. दिल्ली-पंजाबकडे रात्रीचे तीन-चार कार्यक्रम, त्यामुळे रोषणाई आणि मंडपच जेवणाला मागे टाकतात. आपल्याकडे पैसा जातो मानपानात. टोपी, टॉवेल, उपरणं, फेटे, खण, साड्या. यात सोलापूरकरांची मोठी सोय आहे: टॉवेल इथेच विणला जातो. पूर्व भागातल्या कारखान्याच्या दुकानात डझनाने घ्या आणि दोन बाजूंच्या याद्या एकत्र करून एकदाच उचला. बस्त्याला चाटी गल्लीच्या कापडबाजारात लातूर-कलबुर्गीची माणसं येतात ती निवड आणि भाव दोन्हींसाठी. बस्ता लग्नाच्या तारखेआधी महिनाभर बांधला तर बदलून घ्यायला वेळ मिळतो. लग्नखर्च ‘अर्धा-अर्धा’ ठरला असेल तर मानपान त्या अर्ध्यात धरला की नाही, हे बैठकीतच कागदावर घ्या. मुलीच्या बापाच्या माथ्यावर नंतर येणारा सगळ्यात मोठा आकडा इथूनच निघतो, आणि तो थांबवणं हे बैठकीतल्या वडीलधाऱ्यांचं काम आहे.

वऱ्हाडासाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. भाडं किलोमीटरवर असलं तरी किमान आकार आणि थांबण्याचा वेळ आधी विचारावा.

एकूण सांगायचं तर जेवणाला दहापैकी आठ, जागेला सात, पाणी आणि मोजणीला चार. सहाशेच्या आतलं लग्न असेल तर पॅकेज घ्यावं, वर असेल तर हॉल नुसता घेऊन आचारी आपला आणावा. ताबा घेताना वीज मीटरचा आणि जनरेटरच्या तासांचा फोटो काढा, खोल्यांतल्या गाद्या-उशा मोजा. वरात गेल्यावर निघताना तोच फोटो पुन्हा काढा, आणि डिपॉझिट त्याच संध्याकाळी मागून घ्या. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण असतो, त्या गडबडीत कोणी परत जात नाही.