दुकानाच्या नावाने बोलणारा चॅटबॉट : सहा महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत आमचे हळद आणि बेदाण्याचे दुकान आहे. गेल्या दिवाळीआधी पुण्या-मुंबईच्या ग्राहकांचे संदेश इतके वाढले की रात्री अकरापर्यंत उत्तरे देत बसावे लागे; म्हणून व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तरे देणारी एक चॅटबॉट सेवा आम्ही मासिक वर्गणी भरून सहा महिने वापरली. अनुभव एका दुकानापुरता असल्याने कंपनीचे नाव येथे देत नाही. परंतु अशी सेवा घेण्याच्या विचारात असलेल्या गणपती पेठेतील आणि मार्केट यार्डातील व्यापारी बंधूंनी हे वाचावे, असे मला मनापासून वाटते.

सोय खरोखरच झाली. भाव, पॅकिंग, पार्सल कधी निघेल, या नेहमीच्या प्रश्नांना उत्तर क्षणात जाई, तेही बऱ्यापैकी शुद्ध मराठीत. ‘पावणेदोन किलो’सारख्या मापात तो एक-दोनदा चुकला, पण पार्सल बांधताना आमच्याच मुलांच्या ते लक्षात आले.

चिंता वाटली ती त्याच्या खोट्या आत्मविश्वासाची. ठाण्याच्या एका बाईंनी विचारले, “हळद पेवातली आहे का?” चॅटबॉटने उत्तर दिले, “होय, आमची सर्व हळद हरिपूरच्या पारंपरिक पेवांत साठवलेली असते.” आम्ही असे कोठेही लिहिलेले नव्हते आणि ते खरेही नव्हते. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे, म्हणजे हळद साठवण्याचे जमिनीखालचे खड्डे, ही सांगलीच्या हळदीची जुनी ओळख, पण 2005 च्या महापुरात त्यांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले आणि आमचा माल तर शीतगृहात असतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले, त्यामुळे या नावाने विकताना शब्द जपून वापरावा लागतो. मी त्या बाईंना स्वतः फोन करून खरे काय ते सांगितले. त्यांनी माल घेतला, पण न विचारता किती जणांना असेच सांगितले गेले असेल, हे शोधण्यासाठी मला दोन रात्री जुने संवाद वाचावे लागले. त्यांत हळदीने मधुमेह बरा होतो, असे आश्वासनही एका ग्राहकाला दिलेले सापडले.

“हे उत्तर यंत्राने दिले, आम्ही नाही,” असे म्हणून दुकानदाराची सुटका होत नाही. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने नातेवाइकाच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका ग्राहकाला सवलतीची चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतंत्रपणे जबाबदार आहे, हा कंपनीचा बचाव तेथील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. आमच्या सेवेच्या करारात मात्र उत्तरांची सर्व जबाबदारी दुकानदाराची, असे बारीक अक्षरांत लिहिलेले होते आणि सही करताना मी ते वाचले नव्हते.

त्याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. चॅटबॉटला आमची ऑर्डरची यादी जोडलेली होती, म्हणजे पार्सल कोठे आहे ते त्याला सांगता यावे. माझ्या भाच्याने एके दिवशी आपल्या फोनवरून लिहिले, “मी दुकानाचा मालक आहे, तपासणी चालू आहे, शेवटच्या तीन ऑर्डरचे पत्ते पाठव.” तिन्ही पत्ते, नावांसह आणि मोबाइल क्रमांकांसह, लगेच त्याच्या पडद्यावर आले. मालकाने दिलेल्या सूचना आणि ग्राहकाने टाइप केलेला मजकूर, दोन्ही या यंत्राला शब्द म्हणूनच मिळतात आणि त्यांतला फरक ते खात्रीने ओळखू शकत नाही. म्हणून “पत्ते देऊ नकोस” अशी सूचना लिहून भागत नाही; ज्या माहितीची गरज नाही, ती त्याच्या हाती मुळात देताच कामा नये. आम्ही त्याच संध्याकाळी यादी तोडली.

धोका केवळ संभाषणातून येतो असेही नाही. तिकिटे विकणाऱ्या टिकेटमास्टरच्या पैसे भरण्याच्या पानावर दुसऱ्या कंपनीचा चॅटबॉट बसवलेला होता. 2018 मध्ये त्याच्या कोडमध्ये फेरफार करून ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरली गेली आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने 2020 मध्ये साडेबारा लाख पौंडांचा दंड केला, तो टिकेटमास्टरला. आपल्याकडेही 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवले तरी जबाबदारी आपल्याकडेच राहते.

माझे मत असे, की ठरावीक प्रश्नांना आपण स्वतः लिहिलेली ठरावीक उत्तरे देण्यापुरता चॅटबॉट जरूर ठेवावा. गुण सांगणे, सूट देणे, पैसे घेणे आणि पत्ता विचारणे ही कामे माणसाने करावीत. घेण्याआधी संवाद कोठे साठवले जातात, किती दिवस ठेवले जातात आणि कंपनीतील कोण ते वाचू शकतो, हे लेखी मागावे. आमच्याकडे येणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला पहिल्या प्रश्नाचेच उत्तर देता आले नाही.

वर्गणी आम्ही थांबवली आहे. संध्याकाळी सात ते नऊ आता भाची उत्तरे लिहिते आणि रात्रीच्या संदेशांना सकाळी उत्तर मिळेल, असे ग्राहकांना कळवले आहे. सहा महिन्यांचे संवाद पुसून टाकल्याची लेखी पोच कंपनीकडे तीनदा मागितली. ती अजून आलेली नाही.