गिनीसाठी परसातलं खुराडं बरं की बंद पडलेली ब्रॉयलर शेड?

"गिनी आणायच्यात, कशात ठेवू?" असं विचारणाऱ्याकडे आमच्या तासगाव भागात बहुतेक वेळा दोनपैकी एक सोय असते: परसातलं विटांचं खुराडं, नाहीतर मळ्यात रिकामी पडलेली ब्रॉयलरची शेड. मी दोन्हीत गिनी, म्हणजे गिनी फाउल हे कोंबडीसारखे पाळीव पक्षी, ठेवल्या आहेत. मोठ्या पक्ष्यांसाठी मी शेडच घेईन.

खुराडं साडेतीन फूट उंच. गावरान कोंबड्या त्यात दहा वर्षं सुखानं राहिल्या, म्हणून बारा गिनी त्यातच सोडल्या. दिवे लागायच्या वेळी बाराच्या बारा दारापुढं येऊन उभ्या राहायच्या. माना लांब करून आतल्या अंधारात बघायच्या, एकीनं पाय मागं घेतला की सगळ्या वळायच्या आणि समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसायच्या. चौथ्या दिवशी सकाळी झाडाखाली नुसती पिसं दिसली. मला ते फार लागलं, कारण चूक माझी होती.

कोंबडी हजारो वर्षं माणसाच्या दारात वाढली. आफ्रिकेतून आलेली गिनी मात्र अजून अर्धी रानातलीच आहे. रात्री तिला उंच बसायला लागतं आणि अंधाऱ्या भोकात शिरायला ती भिते. खुराड्यात संध्याकाळी बारीक बल्ब लावला तेव्हा काही गिनी आत आल्या, पण बसायला उंच दांडी नसल्यानं रात्रभर जमिनीवर घोटाळत राहिल्या. दारही अडचणीचं. गिनींचा थवा एकदम आत येतो, आणि दीड फुटाच्या दारात एखादा दांडगा नर आडवा उभा राहिला की बाकीच्या बाहेरच अडकतात. छप्पर उचलायचं, दार तीन फूट करायचं, खिडकी पाडायची, एवढं सगळं करायचं झालं तर खुराड्यात जुनं उरतं काय?

शेडला उंची असते, आणि कमरेखाली थांबणाऱ्या भिंतीच्या वर जाळी असल्यानं उजेड-वारा आपोआप मिळतो. सगळी शेड वापरायची गरज नाही. दहा बाय पंधराचा कप्पा जाळीनं वेगळा केला की दीडशे चौरस फूट झाले. पक्ष्याला तीन फूट धरले तर पन्नास गिनी मावतात. तोच हिशेब पाच बाय चारच्या खुराड्याला लावला तर सहा-सात, आणि तेही दाटीनं. चार-पाच फुटांवर आडवे बांबू बांधा, पक्ष्यामागं फूटभर जागा सोडा. मोठे पक्षी आणले तर पहिले पाच-सहा आठवडे बाहेर सोडू नका. हे घर आपलं, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसायला तेवढे दिवस लागतात.

साफसफाईला दोन्हीकडं सुट्टी नाही. जुन्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू आणि जंतांची अंडी टिकून राहतात, फटींत पिसवा-गोचीड असतात. कोंबड्यांच्या जंतांबरोबर येणारा काळजाचा (यकृताचा) एक रोग गिनीलाही होतो. तूस सगळा काढा, मातीची जमीन असेल तर वरचा थर खरवडून टाका, जाळी आणि फटी ब्लो लॅम्पनं भाजा, चुन्याचे दोन हात द्या आणि दोन-तीन आठवडे मोकळं ठेवा. शेडची कोब्याची जमीन धुता येते. खुराड्याची माती कितीही खरवडली तरी माझं समाधान होत नाही.

शेडची उणी बाजू म्हणजे ती घरापासून लांब असते. षटकोनी कोंबडी-जाळी कुत्रं दातानं फाडतं, म्हणून खालचे दोन फूट अर्ध्या इंचाची वेल्डमेश ठोका, नाहीतर मुंगूसही आत शिरेल. शिराळा, वाळवा, कराड, पाटणकडं उसात बिबट्या असतो. तिथं वस्तीवर माणूस झोपत नसेल तर लांबच्या शेडचा नाद सोडा आणि खुराड्यावरच खर्च करून ते उंच करा. फक्त आवाजाचा विचार आधी करा. मादीची दोन तुकड्यांतली हाक दिवसभर चालते, आणि साप किंवा अनोळखी माणूस दिसला की सगळा थवा एकसुरात ओरडतो. राखणीला ते उत्तम, पण भिंतीला भिंत लागून शेजार असेल तर त्यांना आधी विचारा.

जत-आटपाडीकडं पाऊस कमी, तिथं पोत्याचे पडदे पुरतात. पाटण-जावळीकडं मात्र पत्रा तीन फूट बाहेर काढल्याशिवाय पक्षी आत सोडू नका, ओल गिनीला सोसत नाही.

खुराडं पाडूही नका, पिलांना ते छान होतं. खुडूक गावरान कोंबडीखाली गिनीची अंडी ठेवा. कोंबडीची 21 दिवसांत फुटतात, यांना 26 ते 28 लागतात, तेव्हा बाविसाव्या दिवशी घाबरून अंडी फेकू नका. पिलं भ्याली की कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात, म्हणून चारही कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोलाई द्या. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर बुडतात. खाली गोणपाट अंथरा, वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात.