बोलीभाषेतली अरबी शिकायची तर कैरोची की दमास्कसची?
नकारापाशीच वाटा फुटतात. 'मी लिहिलं' दोन्हीकडे 'कतब्त'. 'नाही लिहिलं' म्हणताना दमास्कसमध्ये आधी नुसतं 'मा' येतं: 'मा कतब्त'. कैरोत क्रियापद दोन्ही टोकांनी बांधतात: 'मकतब्तिश'. भविष्यकाळात मात्र ही बांधणी सोडून आधी 'मिश' लावायचं: 'मिश हक्तिब', मी लिहिणार नाही. नवशिके हमखास इथेच अडखळतात.

वर्तमानकाळ आपल्याला दमास्कसचा जवळचा. 'लिहितो' म्हणजे 'बेक्तोब', 'लिहितोय' म्हणजे 'अम बेक्तोब'. कैरोत दोन्हींना 'बक्तिब' पुरतं, अर्थ संदर्भावरून घ्यायचा. 'हे पुस्तक'सुद्धा तिथे उलटं, 'इल-किताब दा'. दमास्कसमध्ये 'हल-क्ताब', आपल्यासारखंच दर्शक आधी.

व्याकरणासाठी दमास्कस सोपं. पण कान तयार करायला कैरोचे सिनेमे भरपूर आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. पहिले सहा महिने दोन्ही मिसळू नयेत.