‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकलेला बचनाग

गुडघेदुखीच्या चूर्णाचा ‘पूर्ण कोर्स’ ४,९५० रुपये, वर ‘खास भस्म’ १,८००. एकूण ६,७५० रुपये जाहिरात देऊन फोनवर औषध विकणाऱ्या एका माणसाला यूपीआयनं दिले आणि त्यानं माझ्या आईला विष पाठवलं. असल्या जाहिराती आणि फोनवरचं गोड बोलणं तुम्हाला माहीत आहे, ते सांगत बसत नाही.

पहिल्या पुडीनंतर अर्ध्या तासात आईचे ओठ आणि जीभ चुरचुरायला लागली. फोन केला तर म्हणतो, “ताई, औषध लागू पडतंय, वात बाहेर पडतोय. उद्या दोन पुड्या एकदम द्या.” तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं आता जो तो ऐकवतो. पण त्या दिवशी आईचा गुडघा खरंच दुखला नाही! मी कशी संशय घेणार? तो गुण नव्हता, नसा बधिर झाल्या होत्या, हे आम्हाला आयसीयूत कळलं.

दोन पुड्यांनंतर उलट्या, हातापायांत त्राण नाही, नाडी मध्येच अडखळतेय. डॉक्टरांनी लक्षणांवरूनच बचनाग, म्हणजे एका वनस्पतीचं विषारी मूळ, ओळखला. त्यातलं ॲकोनिटीन मज्जातंतूंमधली सोडियम आत सोडणारी दारं उघडीच धरून ठेवतं. म्हणून आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग लुळेपणा. हृदयातही तीच दारं असतात, म्हणून ठोके बिघडतात. यावर उतारा नाही, ठोके सांभाळत विष ओसरायची वाट पाहायची. शुद्ध ॲकोनिटीन दोन मिलिग्रॅमसुद्धा जीव घेऊ शकतं. आई वाचली. बिल ७१,३०० रुपये.

खऱ्या वैद्यांवर माझा राग नाही. ते बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शोधन (विष कमी करण्याची प्रक्रिया) केल्याशिवाय पोटात देत नाहीत. डबीवर परवाना क्रमांक, बॅच नंबर नसेल तर ती उघडूच नका. असा विषारी घटक असेल तर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना लेबलवर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. आमच्या डबीवर फक्त देवाचा फोटो होता.

चौकीत म्हणाले, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, फोडलेली पुडी नमुना म्हणून चालत नाही. अहो, फोडल्याशिवाय विषबाधा होते का? तिसरीकडे सांगितलं, पत्ता परराज्यातला आहे, तिकडे तक्रार करा. आई ऑक्सिजनवर असताना मी तिकडे जाऊ? अर्जाची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. पोच घेतल्याशिवाय हलू नका. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उरलेली पुडी दवाखान्यात सोबत न्या.

त्या विक्रेत्याचा नंबर अजून चालू आहे. तोच आवाज, आता मधुमेहाचं चूर्ण विकतोय. तुम्हाला फोन आला तर लगेच कट करू नका, रेकॉर्ड करा.