मण्यारीची सात चित्रं: पेंटरकडून करून घेतलेला कापडी पट, दोन हंगामांनंतर

मण्यार या विषारी सापाबद्दल सावध करणारी, मांजरपाटावर रंगवलेली सात चित्रं. प्रत्येक कापड तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. सातही कापडं वरच्या कडेला एकाच बांबूला शिवलेली, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं एकेक मागे टाकत जायचं. कापड, रंग, शिलाई, मजुरी सगळं धरून ४,२०० रुपये. आमच्या बचत गटाने हा पट तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागे दुकान असलेल्या एका पेंटरकडून करून घेतला. दोन ऊस हंगाम तो ऊसतोडीच्या फडाफडांवर फिरलाय, म्हणून आता खात्रीने लिहिते. गावात, वस्तीवर, टोळीवर लोकांना एखादी गोष्ट पटवायची आहे आणि फ्लेक्स करावा, व्हिडिओ करावा की आणखी काही, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांना याचा उपयोग व्हावा.

मी आरोग्य सेविका होते. कृष्णाकाठचं आमचं गाव, चहूकडे ऊस. दिवाळीच्या आसपास बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, गावाबाहेरच्या मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. माझ्या निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात एका कोपीतली बाई पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली. ओव्याचं पाणी दिलं. तिच्या पापण्या मिटायला लागल्या, तर लोकांना वाटलं रात्री गाडी भरायला गेली होती, झोप झाली नाही. अंगावर चावल्याची खूण नाही, सूज नाही. उजाडल्यावर कुणीतरी सापाची शंका काढली. मग देवऋषी, मग कडुलिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का ते बघणं, यात दोन-अडीच तास गेले. मोठ्या दवाखान्यात पोचली तेव्हा श्वास थांबलेला होता. पंचविशीची असेल. तिचं लेकरू कोपीच्या तोंडाशी उसाचं टिपरू चोखत बसलं होतं. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तिला चावली होती ती मण्यार. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते, आणि कित्येकदा झोपमोडही होत नाही. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, आग नाही, सूज नाही. विष मज्जातंतूंवर काम करतं: पोटात दुखतं, पापण्या पडतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडतात. वेळेत प्रतिविष आणि लागलं तर व्हेंटिलेटर मिळाला तर माणूस वाचतो. म्हणजे टोळीला पटवायची गोष्ट एकच होती. खूण नसली तरी साप असू शकतो, आणि पहाटेची पोटदुखी व पडलेल्या पापण्या दिसल्या की थांबायचं नाही.

पहिल्या वर्षी आम्ही फ्लेक्स केला. सहा बाय चार फुटांचा, तीनशे रुपयांच्या आत काम झालं. वर फणा काढलेला नाग, खाली ठळक अक्षरात लिहिलं की भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने दगावतात. आकडा अभ्यासकांनी काढलेला आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा त्यांचा अंदाज. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर डोक्यात घोळत होता, म्हणून वाटलं की वाचणाऱ्या प्रत्येकाचं तसंच होईल. फडावर तो वाचला कुणीच नाही. आठ दिवसांनी अवकाळी पाऊस झाला आणि आमचा फ्लेक्स एका कोपीवर ताणलेला दिसला. आत बाळंतीण होती, त्यामुळे मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते नंतर. मी एका बाईला विचारलं, साप चावतो म्हणजे काय होतं? ती म्हणाली, "फडा काढतो, फुस्स करतो, मंग डसतो. दिसतंच की ताई." आमच्याच चित्राने तिला ते शिकवलं होतं. मण्यारीला फणा नाही, ती फुसकारून सावध करत नाही, आणि त्या कोप्यांना धोका तिचाच होता.

दुसरा प्रयत्न व्हिडिओचा. माझ्या भाच्याने चार मिनिटांचा केला, चांगलाच केला, त्याबद्दल तक्रार नाही. ट्रॅक्टरचे ड्रायव्हर आणि मुकादम यांनी तो पाहिला, पुढे गावाकडेही पाठवला. पण मोबाइल गड्यांच्या खिशात. पहाटे उठून चूल पेटवणारी, कोपीतल्या सगळ्यांना आधी बघणारी बाई, तिच्या हातात तो आलाच नाही. मी माझ्या मोबाइलवर दाखवायला बसले तर एका वेळी तिघीच वाकून बघणार. शिवाय व्हिडिओ थांबत नाही. "मागल्या साली माझ्या जावेला असंच झालं होतं," असं सांगायला एखादी तोंड उघडते तोवर पुढचं दृश्य आलेलं असतं. ते बोलणंच तर मला हवं होतं. शाळेची किंवा पंचायतीची भिंत रंगवण्याचाही विषय निघाला होता. गावातल्या लोकांसाठी भिंत उत्तमच, पण एक फड संपला की टोळी दुसऱ्या शिवारात जाते, भिंत तिच्यामागे जात नाही.

पेंटरकडे मी का गेले ते सांगते. एकदा फडावर बसले असताना दोन बायका एका ट्रॉलीच्या फळीकडे बोट दाखवून बोलत होत्या. फळीवर बैलजोडी रंगवलेली होती, एका बैलाचं शिंग किंचित वाकडं. दोघींचं म्हणणं असं की असा बैल त्यांच्या घरी होता. दुष्काळात विकला. त्या चित्रापुढे त्या दहा मिनिटं उभ्या होत्या. ट्रॉली कुणी रंगवली ते विचारत मी दुकानात पोचले. साठीचे गृहस्थ आहेत. फ्लेक्स येण्याआधी तालुक्यातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. आता नंबरप्लेट, ट्रॉल्या, दसऱ्याला गाड्यांवर नावं एवढंच काम उरलंय.

त्यांनी पहिल्याच भेटीत दिलेला सल्ला पैशात मोजता येणार नाही. मी एकच लांब गुंडाळी मागितली होती, सातही चित्रं ओळीने. ते म्हणाले, "बाई, सगळी एकदम दिसली की माणूस शेवटच्या चित्रावर जातो. मधलं कोण बघणार? एकेक दाखवा." कुडाळजवळच्या पिंगुळीला आम्ही सहलीला गेलो होतो, तिथे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून कथा लावतात, ते मला लगेच आठवलं. बांबू आणि उलटायची कापडं ही कल्पना पेंटरची.

कच्चं चित्र मात्र चुकलं, आणि कुणीही असं काम करून घेणार असेल तर इथे जपावं. त्यांनी मण्यार रंगवली ती दिसायला सुंदर, काळीभोर, पांढरे पट्टे. पण पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. हा कवड्या झाला, बिनविषारी. मण्यारीचे पट्टे पातळ, बहुधा जोडीजोडीने, मानेकडे तुरळक आणि शेपटीकडे स्पष्ट होत जाणारे. मी छापील फोटो नेऊन दोन्ही साप शेजारी ठेवले. त्यांनी भिंग घेऊन अर्धा तास पाहिले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून कापड बदलून नव्याने रंगवलं, जादा पैसे घेतले नाहीत. नवीन मण्यार खऱ्या मापाची आहे, सुमारे तीन फुटांची, गोधडीच्या कडेला वळलेली, शेजारी कोयता ठेवलेला. कोयता मीच सुचवला. रोज हातात असलेल्या वस्तूशेजारी साप आला की तो केवढा ते सांगावं लागत नाही.

मूळ यादीत नऊ चित्रं होती. दोन आम्ही काढून टाकली. एकात पाय दोरीने घट्ट आवळलेला, दुसऱ्यात जखमेवर ब्लेड, आणि दोन्हींवर मोठी लाल फुली, म्हणजे असं करू नका. कापडावर रंगवण्याआधी कागदावरची चित्रं मी एका कोपीत दाखवून पाहिली. एक म्हातारी म्हणाली, "पाय बांधायचा, बरोबर हाय." मी फुलीकडे बोट दाखवलं. तिला ती दवाखान्याची खूण वाटली होती. दवाखान्याच्या गाडीवर लाल खूण असते, हे ती आयुष्यभर बघत आली आहे, तिची काही चूक नव्हती. तेव्हापासून मी ठरवलं की जे करायचं तेवढंच चित्रात, नको ते तोंडाने सांगायचं. नकार चित्रात उतरत नाही. निदान आमच्या फडांवर तरी नाही उतरला.

सात चित्रं आता अशी: रात्रीची कोपी आणि जमिनीवर झोपलेलं कुटुंब, मग गोधडीवरची मण्यार, मग पहाटे पोट धरून बसलेली बाई. या बाईचा चेहरा जवळजवळ पूर्ण कापडभर आहे आणि पापण्या अर्ध्या उतरलेल्या. सगळ्या पटात मला हे चित्र सर्वांत मोलाचं वाटतं. पेंटरने डोळे रंगवायला दोन दिवस घेतले. चौथ्यात तिला आडवं करून बांगड्या-जोडवी काढताहेत, हात-पाय हलू देत नाहीत. पाचव्यात मोटारसायकल: पुढे चालवणारा, मध्ये ती, मागून धरून बसलेला तिसरा. १०८ ला फोन करायचाच, पण गाडी यायला वेळ लागणार असेल तर फडावर हाताशी काय आहे हे त्यात दिसायला हवं होतं. सहाव्यात दवाखाना, सलाईन, इंजेक्शनची कुपी. इथे मी थांबून सांगते की नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं, सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. म्हणून साप मारून पिशवीत आणायला वेळ घालवू नका. हे ऐकल्यावर गडी माणसं हमखास मान वर करतात, कारण साप शोधण्यातच त्यांचा तास जातो. सातव्यात पुन्हा तीच कोपी, पण अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी आणि उशाशी बॅटरी.

दाखवायची वेळ संध्याकाळी सातनंतर, भाकरी झाल्यावर. पट ट्रॉलीच्या फळीला अडकवायचा आणि समोरून ट्रॅक्टरचा दिवा सोडायचा. पहिल्या रात्री इथेच फजिती झाली. ऑइल पेंट चकाकतो, दिव्यात मण्यारीच्या जागी नुसता उजेड दिसायला लागला. ट्रॅक्टर तिरका उभा करून वेळ निभावली. नंतर पेंटरने टर्पेंटाइन जास्त घालून वरून एक हात फिरवला, चकाकी बरीच गेली. हे त्यांनी आधी विचारायला हवं होतं: बघणार उन्हात की दिव्यात? मीही सांगायला हवं होतं.

बाकीच्या उणिवा. पंधरा दिवसांचा वायदा होता, लागले पाच आठवडे. मध्ये दसरा आला, गाड्यांची रीघ लागली आणि आमचं काम मागे पडलं. तोवर टोळ्या येऊन कोप्या पडल्या होत्या, आणि ते दिवस मला फार जड गेले. दुसऱ्या हंगामात वरच्या शिलाईपाशी रंगाला भेगा पडल्या. कापड रोज तिथेच दुमडतं, त्यामुळे त्या पडणारच, पण तिथे चार बोटं कोरी पट्टी सोडली असती तर चित्र वाचलं असतं. वजनही बरंच आहे, एकट्या बाईला स्कूटीवर नेता येत नाही. आणि ओल लागली की मांजरपाट आकसतो.

कापड एवढं मोठं असूनही बायका अगदी जवळ येऊन बघतात, बोट लावतात. तिसऱ्या चित्रापाशी मी बोलणं थांबवते. कुणीतरी आपसूक बोलायला लागतं, कुणाची नणंद, कुणाचा दीर. एका फडावर मुकादमाच्या बायकोने माझ्या हातातून बांबू घेतला आणि पुढची चार कापडं तिनेच उलटून सांगितली, माझ्याहून सोप्या शब्दांत. तिच्याच बोलीत. तिने बॅटरीवाल्या चित्रापाशी थांबून आपल्या नवऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं, "उचल देताना मच्छरदाणीचं काय?" उचलीत, म्हणजे मजुरांना आगाऊ मिळणाऱ्या पैशांत, मच्छरदाण्या बसल्या नाहीत, पण पुढच्या आठवड्यात बाजारातून चार आल्या.

किती जीव वाचले हे मी सांगू शकत नाही आणि कुणी तसा दावा करू नये. मला एवढंच ठाऊक आहे की दुसऱ्या हंगामात पहाटे पोटदुखीने दोघी जणी दवाखान्यात आल्या, दोन्ही वेळा तिघं बसून मोटारसायकलवर. दोन्ही वेळा साप नव्हता. डॉक्टरांनी दुपारपर्यंत ठेवून घेतलं, पापण्या तपासत राहिले आणि घरी पाठवलं. त्यातल्या एकीची दिवसाची हजेरी बुडाली, तरी ती मला म्हणाली, "गेलो ते बरं झालं." मी त्या दोन फेऱ्या या पटाच्या जमेला धरते.

पाचपैकी चार गुण. एक गुण वेळेचा कापला. ज्यांचा प्रेक्षक एका जागी राहतो आणि वाचणारा आहे, त्यांनी भिंत रंगवून घ्यावी, स्वस्त पडेल. दूरवर निरोप पोचवायचा असेल तर व्हिडिओला पर्याय नाही. पण वीस-पंचवीस माणसं समोर बसवून त्यांच्याशी बोलायचं असेल तर हाताने रंगवलेलं मोठं कापड घ्या, आणि पेंटर असा निवडा ज्याची चित्रं ती माणसं आधीच थांबून बघतात. त्याला सापाचा खरा फोटो द्या, कच्चं चित्र बघणाऱ्यांपुढे धरा, मगच रंग लावू द्या.

यंदा गावातल्या शेतकऱ्यांसाठी घोणशीचा पट करायचा आहे. घोणशीचं सगळं वेगळं: ती बांधावर, पाचटात असते, मोठ्याने फुसकारते, चावलेला भाग सुजतो, रक्त गोठत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे इथे चित्रात सूज हवी, पायातले बूट हवेत, आणि दिवसाचं रान हवं. पेंटरला ऑगस्टमध्येच विसार द्यायचं बचत गटाच्या बैठकीत ठरलंय, दसऱ्याच्या गर्दीच्या आधी. वर चार बोटं कोरी पट्टी सोडायची, हेही लिहून दिलंय.